नायलॉन न काढलेली गाडी

१

गाडी चोरीला गेली ती संत पीटरच्या सणादिवशी, भर दुपारी. सगळं गाव तेव्हा चर्चच्या आवारात भाजलेल्या मेंढरावर तुटून पडलं होतं. पोलीसही तिथेच होते.

स्वेतोमिर घरी परतला तेव्हा फाटक बंद होतं, कडी नीट लावलेली. अक्रोडाच्या झाडाखाली, जिथे गाडी उभी असायची, तिथे फक्त गाडीचं कव्हर होतं. घड्या घातलेलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक वीट ठेवलेली.

म्हाताऱ्याने वीट उचलली, कव्हर उलगडून आत पाहिलं. एवढी उंच गाडी घडीत मावणं शक्य नव्हतं. पण अशा वेळी माणूस पाहतो.

कुत्रा भुंकला असणार. पण तो कुत्रा पाद्र्यावर, कोंबड्यांवर आणि खुद्द स्वेतोमिरवरही भुंकायचा. त्याच्या साक्षीला गावात किंमत नव्हती.

पोलीस म्हणाले, जेवण झालं की येतो. सणाचं जेवण कधी संपतं हे स्वेतोमिरला ठाऊक होतं. त्याने वुकाशिनला बोलावलं.

वुकाशिनने उभी हयात विमा कंपनीत काढली होती. घर जळो, पूर येवो, गारा पडोत, माणसाचं जे नुकसान झालं ते कागदोपत्री झालेलंच नाही, हे त्याला समजावून सांगायचं, हे त्याचं काम. निवृत्त होऊन तो गावी आला तेव्हा लोकांनी त्याला माफ केलं, म्हणजे शिव्या तोंडावर देणं थांबवलं. पण कुणाचं काही हरवलं, मोडलं, की आठवण त्याचीच व्हायची. खोटं कुठून सुरू होतं हे त्याला वासावरून कळतं, असा समज होता.

"गाडी गेली तर जाऊ दे रे," स्वेतोमिर म्हणाला. तो कव्हर पोटाशी धरून पायरीवर बसला होता. "पण परवा पोरांना विमानतळावरून आणू कशात?"

हा प्रश्न खरा होता. किंबहुना गाडी घेतली होती ती याच प्रश्नासाठी.

स्वेतोमिरचा एकुलता एक मुलगा दालिबोर झुरिकला. बायको, दोन मुलं. उन्हाळ्यात येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही. गेल्या वर्षी म्हणाला, "बाबा, तुमच्या त्या जुन्या डब्यात मुलांना कसं बसवू? घाटात ओकतात ती." झालं. म्हाताऱ्याने आलुबुखारची बाग विकली आणि शोरूममधून कोरी गाडी आणली. पाच माणसांची, उंच, रुबाबदार. डोंगर चढेल, नदी ओलांडेल असं विकणारा म्हणाला होता. स्वेतोमिरने तिला दर रविवारी चर्चपर्यंत नेलं आणि परत आणलं. सीटांवरचं शोरूमचं नायलॉनचं आवरण काढलं नाही. ते मुलं आली की काढायचं होतं. मागे लहान मुलांच्या दोन खुर्च्या बसवल्या होत्या, अस्वलाचं चित्र असलेल्या. त्या खुर्च्यांत मावण्याचं वय नातवंडांनी केव्हाच ओलांडलं होतं. पण आजोबांनी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा ती मावली असती.

"परवाच्या आत शोध," स्वेतोमिर म्हणाला. "नाहीतर तो पुन्हा नाही यायचा."

वुकाशिनने त्याच्या हातातलं कव्हर घेतलं. कडेला कडा जुळवून घातलेल्या घडीची रेघ अजून दिसत होती.

त्याने शेकड्यांनी चोऱ्या पाहिल्या होत्या. पण घड्या घालणारा चोर त्याने आजवर पाहिला नव्हता.

२

किल्ली स्वयंपाकघरात, संत निकोलसच्या तसबिरीमागे बिस्किटाच्या डब्यात असायची. डबा जागेवर होता, किल्ली नव्हती.

"ही जागा कुणाकुणाला माहीत होती?" वुकाशिनने विचारलं.

"फक्त घरच्यांना," स्वेतोमिरची बायको देसांका म्हणाली. मग तिने थोडा विचार केला. "आणि ज्यांना ज्यांना यांनी गाडी दाखवली त्यांना."

म्हणजे सगळ्या गावाला. गाडी आली त्या दिवशी लोक रांगेने आले होते. नवी गाडी पाहिली की आत एक नाणं टाकायचं, गाडी सुखरूप राहो म्हणून. पहिल्यांदा पाहताना टाकायचं, एकदाच, आणि ते पुन्हा कुणी उचलायचं नाही. शेजारच्या चिक्कू ल्युबिशानेसुद्धा टाकलं होतं. ते किती लहान होतं याची चर्चा आठवडाभर चालली होती.

देसांकाने वुकाशिनपुढे मुरवलेल्या चेरीची वाटी आणि पाणी ठेवलं. डोळे सुजलेले, पण हात चपळ.

"वहिनी, दुपारी तुम्ही कुठे होता?"

"चर्चमध्येच की. बायकांबरोबर वाढत होते. मध्ये एकदा मोठं पातेलं न्यायला घरी आले."

"तेव्हा गाडी होती?"

"लक्ष नाही गेलं हो. पातेलं केवढं जड."

"नवीन गाडीवर लक्ष नाही गेलं?"

"भावोजी, त्या गाडीकडे बघायला हे आहेत. घरात काम करायलाही कुणीतरी हवं ना?"

वुकाशिनने चेरी खाल्ली आणि सहज विचारलं, "आयवार शिल्लक आहे का थोडं? भाकरीला लावायला?"

भाजलेल्या लाल मिरच्यांचं तिचं आयवार पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. त्याहून प्रसिद्ध होता बरणीचा तगादा. आयवार ती प्रेमाने द्यायची, पण रिकामी बरणी धुऊन परत येईपर्यंत सावकारासारखी मागे लागायची. वुकाशिनला पोस्टात, चर्चमध्ये, एकदा तर एका अंत्ययात्रेत बरणीबद्दल विचारणा झाली होती.

"कुठलं शिल्लक," ती म्हणाली. "यांना डॉक्टरने तेल-तिखट बंद केलंय. सगळं दालिबोरला पाठवलं, झुरिकला, बसवाल्याच्या हाती. प्रत्येक बरणीच्या गळ्याला लाल दोरा बांधून. माझ्या पोराच्या खाण्याला कुणाची नजर नको."

"तो परवा नक्की येतोय ना?"

"म्हणाला तरी तसं." तिने वाटी उचलली. ती अजून रिकामी झाली नव्हती.

वुकाशिन अंगणात आला. कुंपणाच्या खुंटांवर धुतलेल्या बरण्या पालथ्या घातल्या होत्या, उन्हात चमकत होत्या. पलीकडून ल्युबिशा त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की वुकाशिन सरळ त्याच्याकडेच गेला.

३

"मी नाही नेली," विचारायच्या आधीच ल्युबिशा म्हणाला. "पण ज्याने नेली त्याला मी एक बाटली देईन."

"का रे?"

"दर रविवारी सकाळी ती गाडी बोलते. 'पट्टा लावा, पट्टा लावा.' आणि हा म्हातारा तिला उत्तर देतो. 'लावतो बाई, थांब.' एवढ्या लाडाने तो देसांकाशी कधी बोलला नाही."

"बाग तूच घेतलीस ना त्याची?"

"घेतली. म्हणून काय गाडीही मीच घेतली? मी दुपारी टेबलाखाली झोपलो होतो. सगळ्या गावाने मला ओलांडून पलीकडचं कोशिंबिरीचं ताट घेतलंय. विचार."

विचारायची गरज नव्हती. वुकाशिनने स्वतःच त्याला दोनदा ओलांडलं होतं.

"मला विचारशील तर," ल्युबिशाने आवाज खाली आणला, "त्या घरात दुसरीच काहीतरी गडबड आहे. तुझी वहिनी दर मंगळवारी बसने निश शहरात जाते, दातांच्या डॉक्टरकडे. जाताना पिशवी एवढी जड की ड्रायव्हर उतरून चढवतो. तिच्या तोंडात दात किती उरलेत तुला माहितीये. ते एवढे जड असतात?"

दुसरा संशयित बोबान, स्वेतोमिरचा भाचा. त्याला वुकाशिन दुसऱ्या दिवशी सकाळी भेटला. तो जर्मनीतून जुन्या गाड्या आणून विकायचा. त्याची प्रत्येक गाडी एका पेन्शनर आजोबांची असायची, जे ती फक्त चर्चला नेत. मामाने त्याला डावलून कोरी गाडी घेतली, तेव्हापासून तो मामाच्या दारात गेला नव्हता. सणाच्या दिवशी मेंढरू फिरवायला तोच होता. सकाळपासून शेगडीपुढून हलला नव्हता, भुवयाही जळल्या होत्या.

"रागावलास मामावर, हे खरं ना?" वुकाशिनने विचारलं.

"रागावणार नाही तर काय? साऱ्या जगात मी एकच वाक्य बोलून पोट भरतो. आणि ते जिच्याबाबतीत खरं आहे अशी एकुलती एक गाडी माझ्या मामाकडे, तीही मी विकलेली नाही!" बोबानने सिगारेट पेटवली. मग जरा नरमला. "एक सांगू काका? धंद्यातलं सांगतो. चोराने कव्हरही नेलं असतं. कव्हर महाग असतं. आणि फाटक उघडं टाकलं असतं. बंद कशाला करेल? कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याने गाडी नेली त्याला त्या कोंबड्यांची काळजी होती."

वुकाशिन काही बोलणार, तेवढ्यात स्वेतोमिर रस्त्यावरून जवळजवळ पळतच आला.

"सापडली," तो म्हणाला. "मठात!"

४

डोंगरातल्या मठाच्या आवारात, लिंडनच्या झाडाच्या सावलीत, गाडी अगदी सरळ लावलेली होती. पाद्री गाव्रिलोने तिला ओळखलं ते आरशाला टांगलेल्या तुळशीच्या सुकल्या जुडीवरून. याच जुडीने त्याने स्वतः गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं होतं.

"मी आशीर्वाद दिलेली गाडी चोरीला गेली, हे माझ्या दृष्टीनेही बरं नव्हतं," तो म्हणाला. "पण पाहा, कुठे आली! स्वतःच्या पायांनी देवाच्या दारी."

"चाकांनी," वुकाशिन म्हणाला.

किल्ली आतच होती. ओरखडा नाही. नायलॉन जागच्या जागी. अस्वलाच्या खुर्च्या तशाच. मागच्या फरशीवर गावाने टाकलेली नाणी तशीच, त्यात ल्युबिशाचं ते बदनाम नाणंही. काच किंचित खाली केलेली, आत उकडू नये म्हणून.

स्वेतोमिर रुमालाने बॉनेट पुसत होता आणि गाडीशी बोलत होता. "उद्या जायचं हां निशला, विमानतळावर. उद्या पोरं येणार."

वुकाशिन ड्रायव्हरच्या बाजूने वाकला. आयुष्यभराची सवय. सीटखाली पाहिलं, पेडलजवळ पाहिलं, मग पायाखालचं मॅट उचललं.

मॅटखाली, अगदी मधोमध, एक नाणं होतं. दिनारचं, आपल्याच देशातलं, खिशात खुळखुळणारं.

त्याने ते मुठीत घेतलं. उभं राहिल्यावर विचारलं, "स्वेतोमिर, मॅट कधी साफ केलंस?"

"सणाच्या आदल्या दिवशी. बाहेर काढून झटकलं. दर आठवड्याला झटकतो. का?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

परत येताना स्वेतोमिर चालवत होता आणि गाडी पट्टा लावायला सांगत होती. वुकाशिनने आयुष्यभर केलं तेच केलं. गाडी कुणी नेली असेल हे विचारायचं सोडलं, आणि गाडी नसल्याने काय झालं असतं ते विचारलं. ती विकली नाही, मोडली नाही, लुटली नाही. फक्त दोन-चार दिवस घरी नसेल एवढंच पाहिलं. गाडी नसती तर एकच गोष्ट घडली नसती. उद्या विमानतळावर कुणी गेलं नसतं.

आणि नाणं. चोर नाणं टाकत नाही. टाकतो तो आपला माणूस, गाडीचं भलं व्हावं असं वाटणारा. तोही फक्त पहिल्यांदा पाहताना. ही गाडी पहिल्यांदा पाहणारा आपला माणूस आता जगात एकच शिल्लक होता.

पण तो झुरिकला होता. आणि झुरिकहून आलेल्या माणसाच्या खिशात फ्रँक असतात.

गाडी अंगणात शिरली. कोंबड्या बाजूला झाल्या. वुकाशिनची नजर कुंपणावर गेली आणि तिथेच थांबली. पालथ्या बरण्यांच्या गळ्याला काहीतरी लाल दिसत होतं.

५

"वहिनी," स्वयंपाकघराचं दार लावून घेत वुकाशिन म्हणाला, "झुरिकला पाठवलेल्या बरण्या धुऊन परत कधीपासून यायला लागल्या?"

देसांकाच्या हातातला चमचा वाटीत पडला. ती बाहेर पाहू लागली. स्वेतोमिर गाडीला पाण्याचा पाइप लावत होता.

"मी त्याला सांगितलं होतं, दोरे काढून दे म्हणून," ती म्हणाली. "लहानपणापासून ऐकत नाही."

"कधी आलाय तो?"

"बर्फ पडायच्या आधी. कारखाना बंद झाला, मग बायको मुलांना घेऊन आईकडे गेली. ती तिकडचीच. मुलांना आता आपली भाषाही धड येत नाही. निशला खोली घेतलीय त्याने, सामान पोचवणारी गाडी चालवतो. मी मंगळवारी जेवण नेते."

"आणि स्वेतोमिर?"

"त्यांना काय सांगू?" तिचा आवाज चढला आणि लगेच तिने तो दाबला. "गाडीचं त्याने फक्त कारण म्हणून सांगितलं होतं हो, भावोजी. काहीतरी बोलायचं म्हणून. मुलं ओकतात म्हणे! आणि यांनी बाग विकली. एवढ्याशा कारणापायी बाग! मग तो पुढे काय म्हणणार होता? येतो म्हणाला. तारीख सांगितली. जसजशी तारीख जवळ आली तसतसा जेवेना. 'आई, बाबा विमानतळावर उभे राहतील आणि दारातून कुणीच बाहेर येणार नाही.' मग मीच म्हटलं, गाडीच नसेल तर?"

"किल्ली तुम्ही दिलीत."

"मी दिली. तो पाऊलवाटेने आला. गाडीजवळ उभा राहिला तो हलेचना. मी म्हटलं, जा लवकर. तर म्हणाला, 'आई, नायलॉनसुद्धा काढलेलं नाही गं.'"

तिने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला.

"चार दिवसांनी सापडली असती. तुम्हा सगळ्यांना आजच कुणी मठात जायला सांगितलं होतं?"

आजवर वुकाशिनने कितीतरी बायकांना, याच टेबलासारख्या टेबलांवर, त्यांचं नुकसान नियमात बसत नाही हे सांगितलं होतं. हे तर कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

"मी सांभाळतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

"स्वेतोमिर," त्याने अधिकाऱ्याच्या आवाजात सुरुवात केली, "मी गाडी नीट पाहिली. ब्रेकमध्ये काहीतरी गडबड केलीय चोराने. उद्या नेऊ नकोस. तपासून घ्यायला आठवडा तरी लागेल."

स्वेतोमिरने पाइप बंद केला. गाडीवरून पाणी थेंब थेंब गळत होतं.

"मठापासून इथवर उताराने मीच आणली की. तू शेजारीच होतास." त्याने हात पुढे केला. "मॅटखालून उचललंस ते दे इकडे."

६

वुकाशिनने मूठ उघडली. स्वेतोमिरने नाणं घेतलं, उलटसुलट केलं.

"मागे टाकलं की सगळा रस्ता खडखडतं," तो म्हणाला. "माझी पहिली गाडी आली तेव्हा हा एवढासा होता. मी त्याला शिकवलं, टाकायचं नाही, मॅटखाली ठेवायचं. सगळ्या गावात असं ठेवणारे दोघंच. तू मठात वाकलास तेव्हाच मला कळलं." त्याने नाणं अंगठ्याने पुसलं. "खरं म्हणजे घडी पाहिली तेव्हाच कळलं. पण मला वाटलं, तू दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगशील. म्हणून तर तुला बोलावलं. एरवी तुला कुणी बोलावतं का?"

"स्वेतोमिर, तो..."

"सांगू नकोस. का केलं ते देसांकाला सांगायचंय की नाही हे तिचं ती बघेल."

तेवढ्यात घरात फोन वाजला, तसे दोघं आत गेले. देसांकाने उचलला, आणि तिचा चेहरा पाहूनच कुणाचा ते कळलं. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्वेतोमिर नेहमी आवाज मोठा करायला लावायचा. तिने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"बाबा?" दालिबोरचा आवाज आला. "आई म्हणाली, गाडी चोरीला गेली?"

"गेली."

"सापडली का?"

खिडकीबाहेर, अक्रोडाखाली, धुतलेली गाडी उन्हात निथळत होती.

"नाही," स्वेतोमिर म्हणाला.

पलीकडे कुणीतरी खूप वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. या घरात तो तिघांनी ऐकला.

"अरेरे. मग आता मुलांना कशात..."

"तेच म्हणतो मी. कशात आणणार? राहू दे. तिकिटं परत कर. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी नक्की, बाबा."

"मुलं बरी आहेत?"

"मजेत आहेत. आत्ता बागेत खेळतायत."

"आणि तिकडे हवा कशी आहे?"

"पाऊस आहे सकाळपासून. थंडी पडलीय."

त्याच क्षणी फोनमधून, दालिबोरच्या खिडकीखालच्या रस्त्यावरून, भोंगा ऐकू आला. कलिंगडवाला होता. आपल्याच भाषेत, आपल्याच हेलात ओरडत होता: गोड कलिंगडं, कापून दाखवतो, साखरेसारखी कलिंगडं!

देसांकाने डोळे मिटले.

"ऐकू येत नाही रे नीट!" स्वेतोमिर भोंग्याच्या वर आवाज चढवून ओरडला. "लांबचा फोन आहे, खरखरतोय! ठेव आता, बिल येईल! गरम कपडे घाल!"

आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी त्याने गाडी मागच्या गोठ्यात नेली. नाणं होतं तिथे, मॅटखाली ठेवलं. कव्हर घातलं, त्यावर गवताच्या पेंढ्या रचल्या. वुकाशिनने न विचारता पेंढ्या हातात दिल्या. ल्युबिशा कुंपणापलीकडून सगळं पाहत होता. प्रथमच त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाद्री गाव्रिलोने प्रवचनात गाडी अजून न सापडल्याबद्दल खेद व्यक्त केला. बोबान मामाच्या दारात आला आणि चोराला भरपूर शिव्या देऊन जेवून गेला. गावात आजही कुणी विचारलं तर ती गाडी चोरीला गेलेली आहे.

मंगळवारी देसांका दातांच्या डॉक्टरकडे निघाली. जड पिशवी स्वेतोमिरने तिच्या हातातून घेतली आणि बसच्या थांब्यापर्यंत स्वतः नेली. बस आली, ड्रायव्हर उतरला, पिशवी चढली.

"डॉक्टरला सांग," दार बंद होता होता स्वेतोमिर म्हणाला, "बरण्या परत देताना दोरे काढायची गरज नाही."